उतारे उत्तम, प्रश्नांवरची लेबले फसवी

माध्यमिक वर्गांसाठीच्या एका इंग्रजी पाठ्यपुस्तकाचे हे परीक्षण मुख्यतः धड्याखालच्या प्रश्नांविषयी आहे. उतारे नेटके निवडलेले आहेत आणि त्यांची भाषा मुलांना पेलणारी आहे, त्यामुळे त्यांच्याबद्दल तक्रार नाही.

या पुस्तकात प्रत्येक प्रश्नासमोर विचारकौशल्याची पातळी छापलेली आहे. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये मांडलेल्या विचारकौशल्यांच्या वर्गीकरणात २००१ मध्ये सुधारणा झाली. त्यातल्या स्मरण, आकलन, उपयोजन, विश्लेषण, मूल्यमापन आणि नवनिर्मिती या सहा पातळ्या येथे घेतल्या आहेत. घोटाळा असा की, प्रश्नाची पातळी बहुधा त्यातल्या प्रश्नार्थक शब्दावरून ठरवलेली दिसते. घड्याळे दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याच्या धड्यात 'त्याने पैसे का घेतले नाहीत?' या प्रश्नापुढे 'विश्लेषण' असे लेबल आहे. पण ते घड्याळ जुन्या मित्राचे असल्यामुळे त्याने पैसे नाकारले, हे उताऱ्यातच सरळ सांगून टाकले आहे. मुलांनी 'बिकॉज' शोधायचे आणि पुढचे शब्द उतरवून काढायचे, एवढेच काम उरते. उताऱ्यात कारण न देता म्हाताऱ्याने झाकणावरचे नाव वाचून घड्याळ मुठीत घट्ट धरले एवढेच लिहिले असते, तर याच प्रश्नाला तर्क करावा लागला असता.

'आकलन' या लेबलाखालचे कित्येक प्रश्न तर अर्थ न कळताही सुटतात. 'गुंबटाने झिप्पळ टोंबात लपवला' हे निरर्थक शब्दांचे वाक्य वाचून झिप्पळ कुठे लपवला असे विचारले, तर 'टोंबात' हे उत्तर कुणीही देईल, आणि पूर्ण गुणही मिळवील!

उलट टोकाला 'प्रामाणिकपणा का महत्त्वाचा आहे?' यासारखे 'मूल्यमापना'चे प्रश्न आहेत. त्यांची उत्तरे धडा न उघडताही लिहिता येतात, तेव्हा त्यांतून वाचनाची कसोटी लागत नाही. शिक्षक-पुस्तिकेने तर नवनिर्मितीच्या प्रश्नांनाही एकेक ठरावीक नमुना उत्तर दिले आहे. मुले ते पाठ करतात आणि प्रश्न पुन्हा स्मरणावरच येऊन थांबतो.

कवितांखालचे प्रश्न मात्र अपवाद म्हणावे लागतील. तिथे दोन कडव्यांतील बदललेला सूर ओळखून त्याला आधार देणाऱ्या ओळी दाखवायला सांगितले आहे, आणि त्यासाठी कविता खरोखर दोनदा वाचावी लागते. गद्य धड्यांसाठी लेबलांकडे दुर्लक्ष करून शिक्षकांनी स्वतःचे प्रश्न तयार ठेवावेत. उताऱ्यांसाठी पुस्तक घ्यायला हरकत नाही.