अंब्रेला की सीआयएस?

लंडनला एजन्सीमार्फत बांधकामावर लागलेल्या भाच्याने विचारलं, "मामा, अंब्रेला कंपनी धरू की सीआयएस?" अंब्रेला म्हणजे एजन्सीकडून पैसे घेऊन तुला कागदोपत्री नोकर म्हणून पगार देणारी कंपनी. सीआयएस म्हणजे 'कन्स्ट्रक्शन इंडस्ट्री स्कीम': तू स्वतंत्र कारागीर, आणि पैसे देणारा तुझ्या मजुरीतून आधीच कर कापतो.

सीआयएसचं गणित सोपं. नोंदणी असेल तर मजुरीतून २० टक्के कापतात, नसेल तर ३०. सामानाच्या पैशांवर कपात नाही. पण ती कपात फक्त आगाऊ कर असतो. हिशेब ३१ जानेवारीपर्यंत विवरणपत्रात. कधी परतावा मिळतो, कधी वर भरावं लागतं. सुट्टीचे, आजारपणाचे पैसे शून्य.

अंब्रेलात गोची दराची. एजन्सीने सांगितलेला दिवसाला २०० पौंडांचा दर म्हणजे पगार नव्हे! त्यातून आधी कंपनीचं मार्जिन (तिची फी), मालकाच्या वाट्याचा नॅशनल इन्शुरन्स (सामाजिक सुरक्षेची वर्गणी) आणि अप्रेंटिसशिप लेव्ही (प्रशिक्षणासाठी मालकांवरचा कर) जाते. उरेल तो पगार, त्यावर पुन्हा तुझा कर. सुट्टीचा पगार दर आठवड्याला मिळतो की राखून ठेवतात, हे आधीच विचार. 'जास्त पैसे हातात' म्हणणाऱ्यापासून चार हात लांबच राहा.

आणि निवड पूर्णपणे तुझी नाहीच. काम कसं करायचं हे साइटवरचा सुपरवायझर सांगत असेल, तर एजन्सीच्या कामाला सहसा नोकरीसारखीच करकपात लागते.

स्वतःच्या अंदाजाने काम करणाऱ्या, पावत्या जपणाऱ्या कारागिराला सीआयएस बरं. हुकमाने काम करणाऱ्याला, किंवा घरासाठी कर्ज काढताना पगाराच्या स्लिपा लागणाऱ्याला अंब्रेला.