जावा २१ चे मॅथ.क्लॅम्प: इंदूरच्या बिलिंगवाल्यांच्या कामाचे

जावा या प्रोग्रामिंग भाषेत आकडा हद्दीत ठेवायला पूर्वी मॅक्स(किमान, मिन(आकडा, कमाल)) लिहावे लागे; मॅक्स दोनांतला मोठा आकडा देते, मिन लहान. मिन-मॅक्सची अदलाबदल झाली की उत्तर कायम किमानच. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या जावा २१ ने मॅथ.क्लॅम्प हे फंक्शन देऊन ही कटकट मिटवली. सराफ्यातल्या दुकानाच्या बिलात सवलत ० ते २५ टक्केच हवी? क्लॅम्प(सवलत, ०, २५), बस!

खरी खुबी पुढे आहे. पहिले पॅरामीटर, म्हणजे आकडा, लाँग (मोठ्या पूर्णांकांचा प्रकार) असले तरी हद्दी इंट (लहान पूर्णांकांचा प्रकार) दिल्या की उत्तर इंटच मिळते. ३००००००००० हा इंटमध्ये न मावणारा आकडा आधी त्यात कोंबला तर तो उणे १२९४९६७२९६ होतो आणि हद्दीत बसवल्यावर ० उरतो. क्लॅम्प बरोबर २५ देते.

हद्दी उलट्या दिल्या तर सरळ एक्सेप्शन (चूक झाल्याची सूचना) येते, आणि तेच बरे. सी प्लस प्लस १७ या दुसऱ्या भाषेतल्या क्लॅम्पमध्ये अशा वेळी काय होईल याची हमी नाही. डबलमध्ये (दशांश आकड्यांचा प्रकार) आकडाच नॅन, म्हणजे 'आकडा नाही' अशी खूण, असेल तर मात्र नॅनच बाहेर पडते, तेव्हा आधी तपासा. सीएसएसवाल्यांनो (वेबपानांची मांडणी लिहिणाऱ्यांनो), तिथल्या क्लॅम्पमध्ये किमान पहिले असते, इथे आकडा पहिला.

तक्रार एकच: २५० टाइप झाले तरी गुपचूप २५ होते. फॉर्मवर इशारा वेगळा द्यावाच लागतो.