कॅमेऱ्याचं लाइव्ह बंद पडलं तर आधी या दादाला दाखवा, नवीन कॅमेरा नंतर घ्या

नागपूरच्या इतवारीत आमचं किराण्याचं होलसेल दुकान अन् मागच्या गल्लीत गोडाऊन, दोन्हीकडे मिळून आठ आयपी कॅमेरे, म्हणजे नेटवर्क केबलवरचे, चित्र अन् वीज दोन्ही त्याच केबलमधून. दुकानातल्या टीव्हीवर सगळं चकाचक, पण घरून मोबाईलवर उघडलं की ते गोल चक्र फिरतच राहायचं, अन् गोडाऊनच्या गेटवरचा कॅमेरा तर रोज अंधार पडला की गायब, सकाळी आपोआप हजर. ज्यानं लावून दिले तो म्हणे कॅमेरा गेला भाऊ, अन् लगेच नवीनचं कोटेशन पाठवलं. काहून बे, गेलेला कॅमेरा सकाळी कसा काय दिसून राहिला मग?

शेवटी बर्डीवरच्या या कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या दादाला बोलावलं. त्यानं आल्या आल्या ॲपला हातच नाही लावला. सगळ्या केबल जिथं जोडल्या त्या स्विचला लॅपटॉप लावला, कॅमेऱ्यांना पिंग मारलं, म्हणजे नेटवर्कवर उत्तर देतात का पाहिलं, मग कॅमेऱ्याच्या थेट व्हिडिओची आरटीएसपी लिंक व्हीएलसी प्लेअरमध्ये टाकून कॅमेरा स्वतः चित्र देतो का ते पाहिलं. तिथं चित्र आलं म्हणजे त्या वेळी तरी कॅमेरा ठीक, भानगड पुढे आहे. हीच गोष्ट मला आवडली, मधलं काही न तपासता डायरेक्ट सामान विकायला नाही बसला.

मोबाईलचं कारण साधं निघालं. ॲपमध्ये आठही कॅमेरे मेन स्ट्रीमवर, म्हणजे फुल क्वालिटीवर, एकेक ४ एमबीपीएसचा, म्हणजे एकदम ३२, अन् घरून पाहताना कामी येतो दुकानातल्या नेटचा अपलोड स्पीड, जो आपण प्लॅन घेताना कधी विचारतच नाही. त्यानं मोबाईलसाठी सब स्ट्रीम लावली, म्हणजे तेच चित्र पण कमी क्वालिटीचं अन् हलकं. बाबांच्या जुन्या फोनवर तर नुसता काळा स्क्रीन यायचा कारण त्या फोनला एच २६५ (व्हिडिओ दाबून लहान करायची नवी पद्धत) झेपत नव्हतं, म्हणून सब स्ट्रीम जुन्या एच २६४ वर केली, रेकॉर्डिंग मात्र एच २६५ वरच ठेवलं, त्यात हार्ड डिस्क कमी भरते.

गेटवाल्या कॅमेऱ्यासाठी मात्र तो मुद्दाम अंधार पडल्यावर परत आला. रात्री अंधारात पाहायचे आयआर लाइट चालू झाले की कॅमेरा जास्त करंट ओढतो, अन् आमची केबल निघाली सीसीए, म्हणजे आत ॲल्युमिनियम अन् वरून तांब्याचा पातळ थर. लांब अंतरावर त्यात व्होल्टेज पडतं, कॅमेरा रीस्टार्ट मारत बसतो. वरून ती केबल टिनावरून नेलेली, मे महिन्यात इथं ४५ च्या वर जाते, तापलेल्या तारेचा रेझिस्टन्स अजून वाढतो. प्युअर कॉपरची कॅट ६ नेटवर्क केबल टाकली, १०० मीटरच्या आत ठेवली, तोच जुना कॅमेरा आता रातभर चालून राहिला.

अजून एक, लाइट जाऊन आली की एखादा कॅमेरा ऑफलाइन व्हायचा. राउटर त्याचाच आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, बारकोड प्रिंटरला देऊन टाकत होता. सगळ्या कॅमेऱ्यांना राउटर आपोआप वाटतो त्या (डीएचसीपी) रेंजबाहेरचे फिक्स आयपी दिले, पाच मिनिटाचं काम.

आता खटकलेलं. टाइमचा काही भरवसा नाही, अकराला येतो म्हणतो अन् जेवायच्या वेळेला उगवतो. बिल मागावं लागतं. डिफॉल्ट पासवर्ड बदलला हे चांगलंच केलं, पण नवीन पासवर्ड हमालांसमोर मोठ्यानं वाचून दाखवला, मग मीच रात्री परत बदलला. व्हिजिट चार्ज वेगळा अन् केबलचे पैसे मीटरवर, दोन्ही आधीच सांगितले होते, नंतर वाढवले नाहीत.

चार स्टार. मॅपवरची जागा बरोबर आहे पण दुकान वरच्या मजल्यावर, बोर्ड खालून दिसत नाही. दुपारनंतर जा, सकाळी तो साइटवर असतो, अन् एनव्हीआरचा, म्हणजे रेकॉर्डिंगच्या मशीनचा, ॲडमिन पासवर्ड सोबत ठेवा, त्याच्याशिवाय तो मशीन उघडतच नाही.