जागतिक संघटनांचा अभ्यास: राज्यशास्त्रातून करावा की कायद्यातून?

ठाण्यात चेंदणी बंदर रोडवर विद्या प्रसारक मंडळाच्या आवारात जोशी-बेडेकर महाविद्यालय आहे आणि टीएमसी लॉ कॉलेजही. बीए झाल्यावर संयुक्त राष्ट्रं, जागतिक व्यापार संघटना, नाणेनिधी यांचाच अभ्यास करायचा असं ठरवलेल्या ठाण्या-नवी मुंबईतल्या मुलामुलींपुढे साधारण हेच दोन रस्ते असतात: राज्यशास्त्रात एमए करायचं, किंवा एलएलबी करून आंतरराष्ट्रीय कायद्याकडे वळायचं. मी स्वतः राज्यशास्त्र शिकवते. तरीही हा प्रश्न घेऊन येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना मी कायद्याकडे पाठवते. का, ते सांगते. आणि कोणाला मुळीच पाठवत नाही, तेही.

फी आणि प्रवेशपरीक्षा नंतर बघू. आधी विषय दोन्हीकडे कसा शिकवला जातो ते बघा, कारण पुढची काही वर्षं रोज त्याच्याशीच गाठ आहे.

आपल्या उसाचा खटला

एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला उसाचा किमान भाव, मराठी वाचकाला समजावून सांगावा लागत नाही. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांनी भारताच्या ऊस-साखर धोरणाविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली होती. १४ डिसेंबर २०२१ ला ती तक्रार ऐकणाऱ्या पॅनेलचा अहवाल आला. २०१४-१५ ते २०१८-१९ या पाच हंगामांत भारताने ऊस उत्पादकांना दिलेला आधार उत्पादनमूल्याच्या १० टक्क्यांच्या मर्यादेपलीकडे गेला, असं त्यात म्हटलं होतं. भारताने त्याविरुद्ध अपील केलं. पण ते ऐकायला जिनिव्हात, संघटनेच्या मुख्यालयात, कोणी नाही. सात सदस्यांच्या अपील मंडळावरच्या नेमणुका अमेरिकेने अडवून धरल्या. एका अपिलाला तीन सदस्य लागतात आणि डिसेंबर २०१९ पासून तेवढे उरलेलेच नाहीत. त्यामुळे अहवाल रद्द झालेला नाही आणि लागूही झालेला नाही.

कायद्याच्या वर्गात हे प्रकरण पुढ्यात आलं की पहिला प्रश्न पडतो तो व्याख्येचा. एफआरपी सरकार ठरवतं, पण पैसे साखर कारखाना देतो. सरकार स्वतः एक टनही ऊस विकत घेत नाही. मग याला सरकारने दिलेला आधार म्हणता येईल का? भारताचा युक्तिवाद हाच होता. सरकारने खरेदी केलीच पाहिजे असं करारात कुठे आहे, असं म्हणत पॅनेलने तो फेटाळला. विद्यार्थ्याला शेतीविषयक कराराची ती कलमं, त्यांची परिशिष्टं, आधीच्या खटल्यांतले निष्कर्ष शब्दाशब्दाने वाचावे लागतात. एका स्वल्पविरामाचा अर्थ काय, यावर तास जातो.

राज्यशास्त्राच्या वर्गात चर्चा कलमाच्या मागे जाते. विकसनशील देशांना १० टक्के ही मर्यादा आली कुठून? आधार मोजताना १९८६ ते १९८८ मधल्या किमतीच का धरल्या जातात? हे नियम ठरले त्या वाटाघाटींत अमेरिकेला आणि युरोपला त्या मर्यादेपलीकडेही सवलतींची मोठी मुभा मिळाली आणि भारताला मिळाली नाही, ती का? सहमतीने निर्णय घेणाऱ्या संघटनेत एकटा देश सगळं कसं थांबवू शकतो? आणि वॉशिंग्टनमध्ये सरकार बदललं तरी अपील मंडळाबाबतचा हट्ट का बदलला नाही?

वरचे दोन परिच्छेद वाचताना तुम्ही कुठे रेंगाळलात, ते प्रामाणिकपणे बघा. कारखाना देतो ते सरकारचं कसं, हे कोडं सोडवावंसं वाटलं की नियम कोणी आणि कोणाच्या सोयीने लिहिले हे? कोणत्याही समुपदेशन चाचणीपेक्षा मला हा कौल जास्त भरवशाचा वाटतो.

जाधव खटला, आणि आपली खाडी

पाकिस्तानात हेरगिरीच्या आरोपावरून फाशीची शिक्षा सुनावलेल्या कुलभूषण जाधव यांच्या प्रकरणातही असंच दिसतं. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १७ जुलै २०१९ ला १५ विरुद्ध १ अशा मतांनी ठरवलं की पाकिस्तानने वाणिज्यदूत संबंधांच्या व्हिएन्ना कराराचं कलम ३६, म्हणजे अटकेतल्या परदेशी नागरिकाला त्याच्या देशाच्या दूतांना भेटू देण्याचं कलम, मोडलं. शिक्षा रद्द करून सुटका करा ही भारताची मागणी मात्र मान्य झाली नाही. शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करा, एवढंच न्यायालय म्हणालं. कायद्याचा विद्यार्थी विचारतो की करार मोडल्याचं सिद्ध झाल्यावर सुटका का नाही, आणि ‘परिणामकारक’ म्हणजे किती. राज्यशास्त्राचा विद्यार्थी विचारतो की ज्या न्यायालयाकडे पोलीस नाहीत, त्याच्या निकालानंतर पाकिस्तानच्या संसदेने २०२१ मध्ये फेरविचाराचा कायदा तरी का केला. दोन्ही प्रश्न तोलामोलाचे आहेत, आणि त्यांची उत्तरं देणारी माणसं वेगवेगळ्या तालमीत घडतात.

वाशीच्या पुलावरून दिसणारी ठाणे खाडी २०२२ पासून रामसर स्थळ आहे, सुमारे ६५ चौरस किलोमीटरचं. रामसर हा पाणथळ जागा जपण्यासाठीचा १९७१ चा आंतरराष्ट्रीय करार, तो भारताने १९८२ मध्ये स्वीकारला. त्यात दंडाची तरतूद नाही. कायद्यावाल्याची नजर लगेच २०१७ च्या पाणथळ नियमांकडे आणि उच्च न्यायालयातल्या जनहित याचिकांकडे जाते, कारण करार भारतात पाय रोवतो तो अशा वाटांनी. राज्यघटनेचं कलम २५३ संसदेला करारांच्या अंमलबजावणीसाठी कायदे करू देतं. १९९७ च्या विशाखा निकालात तर सर्वोच्च न्यायालयाने असा कायदा व्हायच्या आधीच स्त्रियांविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराचा आधार घेऊन कामाच्या ठिकाणच्या छळाविरुद्ध नियम घालून दिले. जिनिव्हा किंवा न्यूयॉर्कचा कागद बेलापूरच्या कचेरीतल्या एखाद्या बाईच्या कामी कसा येतो, हे इतक्या स्पष्टपणे दाखवणारं उदाहरण मला दुसरं माहीत नाही. ते मी राज्यशास्त्राच्या तासालाही शिकवते.

एमए कोणासाठी

काही प्रश्नांना कायद्याचं पुस्तक पुरत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत बदल करायचा तर दोन-तृतीयांश सदस्य हवेत आणि त्यांत पाचही कायम सदस्य हवेत, हे कलम १०८ दोन मिनिटांत वाचून होतं. सुरक्षा परिषद ११ वरून १५ सदस्यांची झाली ती १९६५ मध्ये, आणि त्यानंतर साठ वर्षं तिचा आकार हललेला नाही, हे समजून घ्यायला वसाहतींचं स्वातंत्र्य, शीतयुद्ध, आफ्रिकेची एकगठ्ठा मतं, भारत-जपान-जर्मनी-ब्राझीलचे प्रयत्न आणि त्यांच्या शेजाऱ्यांचा विरोध, हे सगळं लागतं. आमसभेत एका देशाला एक मत, तर नाणेनिधीत पैशाच्या वाट्यानुसार मत. मोठ्या निर्णयांना तिथे ८५ टक्के मतं लागतात आणि एकट्या अमेरिकेकडे १६ टक्क्यांहून जास्त आहेत. यात अन्याय दिसून ज्याला त्याचा इतिहास खणावासा वाटतो, ज्याला शिकवायचंय, संशोधन करायचंय, त्याने बेलाशक एमए करावं. प्राध्यापकीसाठीच्या नेट-सेट परीक्षा, मग पीएचडी ही त्याची सरळ वाट आहे. यूपीएससीत राज्यशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंध हा वैकल्पिक विषय घेणाऱ्यांनाही हा अभ्यास थेट उपयोगी पडतो, आणि मुख्य परीक्षा मराठीतून लिहिता येते. परराष्ट्र सेवेतून भारताच्या वतीने या संघटनांमध्ये बसायचं असेल तर दार तेच आहे.

घरी राहून एमए करायचं तर मुंबई विद्यापीठाचं कलिना संकुल. ठाण्याहून मध्य रेल्वेने किंवा वाशी-नेरुळहून हार्बरने कुर्ला, पुढे बस किंवा रिक्षा. गर्दीच्या वेळी हा प्रवास दमवतो, आणि तरी विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसण्यासाठी तो करावा असं माझं मत आहे. इथल्या एमएत राजकीय विचार, भारतीय राजकारण, सार्वजनिक प्रशासन असं सगळंच येतं. आंतरराष्ट्रीय संघटनांचा वाटा त्यात मर्यादित. फक्त हाच विषय हवा असेल तर दिल्ली. जेएनयूची आंतरराष्ट्रीय अभ्यासाची शाळा मुळात १९५५ ची, जेएनयूच्याही आधीची, आणि तिथे आंतरराष्ट्रीय राजकारण, संघटना आणि नि:शस्त्रीकरण यांना वाहिलेलं स्वतंत्र केंद्र आहे. फी कमी, प्रवेश सीयूईटी-पीजी या देशपातळीवरच्या प्रवेशपरीक्षेतून. दिल्लीतलंच साउथ एशियन युनिव्हर्सिटी हे सार्क देशांनी मिळून काढलेलं विद्यापीठ २०१० मध्ये सुरू झालं. तिथे आंतरराष्ट्रीय संबंधांत एमए होतं आणि कायद्यात एलएलएमही. बाकावर शेजारी ढाक्याचा किंवा काठमांडूचा विद्यार्थी असणं, ही सोय देशात फार ठिकाणी नाही.

आणि कायदा

एलएलबी तीन वर्षांची, त्यावर एलएलएम एक किंवा दोन वर्षांची. एमए दोन वर्षांत हाती येतं. घरची परिस्थिती लवकर कमावण्याची मागणी करत असेल तर हा फरक मोठा आहे, आणि त्याबद्दल कोणी तुम्हाला कमी लेखू नये. एलएलबीच्या तीन वर्षांत आंतरराष्ट्रीय कायदा थोडाच शिकवतात. करार, दिवाणी प्रक्रिया, पुरावा, मालमत्ता यांतच बहुतेक वेळ जातो. कंटाळा येणार हे गृहीत धरा. इंग्रजी वाचन प्रचंड आहे. मराठी माध्यमातून आलेल्यांना पहिलं वर्ष जड जातं, दुसऱ्या वर्षी हात बसतो.

मग तरीही मी कायदा का सुचवते? या संघटना नोकरी कशी देतात ते बघा. संयुक्त राष्ट्रांच्या व्यावसायिक श्रेणीतल्या पी-२ पदाला पदव्युत्तर पदवीसोबत साधारण दोन वर्षांचा अनुभव मागतात, पी-३ ला पाच वर्षांचा. जाहिरात निघते ती विधी अधिकारी, अर्थतज्ज्ञ, सार्वजनिक आरोग्यतज्ज्ञ, संख्याशास्त्रज्ञ अशा पदांची. राजकीय घडामोडींसाठीही पदं असतात, पण त्यांना जगभरातून रांग लागते. सचिवालयातली इंटर्नशिप बिनपगारी आहे, म्हणजे न्यूयॉर्क किंवा जिनिव्हातलं भाडं घरून भरायचं. वाशीतल्या पगारदार कुटुंबाला ते सहज झेपत नाही. त्यामुळे आधी इथे अनुभव देणारा एखादा पेशा हवा, आणि वकिलीची सनद हातात असलेल्याला तो इथेच मिळतो.

नवी मुंबईकरांना तर एक जास्तीची संधी आहे, जिच्याकडे आमची मुलं फारसं बघत नाहीत. न्हावा-शेव्याला जेएनपीए बंदर, नेरुळजवळ करावे इथे सागरी विद्यापीठाचं संकुल, आणि या सगळ्यावर नियम लंडनच्या आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचे: जहाजावरच्या जीवितसुरक्षेचा १९७४ चा करार, समुद्रप्रदूषणाचा मारपोल, खलाशांच्या प्रशिक्षणाचा १९७८ चा करार. जहाज मोडणीविषयीचा हाँगकाँग करार २००९ मध्ये झाला आणि जून २०२५ मध्ये अमलात आला. भारताने त्यासाठी २०१९ मध्येच कायदा केला होता. सागरी कायदा शिकलेल्या उरण-पनवेलच्या मुलीला जागतिक नियमन घरापासून तासाभरात भेटतं. राज्यशास्त्राच्या एमएत ही संधी मी देऊ शकत नाही.

परदेश

जिनिव्हाची ग्रॅज्युएट इन्स्टिट्यूट १९२७ ची, संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या राष्ट्रसंघाच्या काळातली. या विषयासाठी त्याहून चांगली जागा शोधायला बराच वेळ लागेल. ब्रिटनची चेवनिंग शिष्यवृत्ती किमान दोन वर्षांच्या कामाचा अनुभव मागते. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती आहे. तिच्या अटी त्या-त्या वर्षीच्या जाहिरातीत नीट वाचा. पण बीएनंतर लगेच, शिष्यवृत्ती नसताना, घर गहाण ठेवून परदेशात आंतरराष्ट्रीय संबंधांचं एमए करू नका. हे मी आईवडिलांसमोरही इतक्याच स्पष्टपणे सांगते. एलएलबी आणि थोड्या कामानंतर तीच संस्था, तोच खर्च वेगळा दिसतो.

फ्रेंच मात्र दोन्ही रस्त्यांवर लागेल, आणि ती टीवायपासूनच सुरू करावी. मुंबईत अलियान्स फ्रान्सेज आहे.

निवड व्हायची असेल तर वेळ फार नाही. सीयूईटी-पीजी आणि राज्याची तीन वर्षांच्या एलएलबीची सीईटी, दोन्हींचे अर्ज साधारण हिवाळ्यात निघतात, म्हणजे टीवायची दिवाळी संपते तोवर मन तयार हवं. डळमळीत असाल तर दोन्ही फॉर्म भरा, आणि सुट्टीत साखर खटल्याचा पॅनेल अहवाल व्यापार संघटनेच्या संकेतस्थळावरून उतरवून त्याची पहिली चाळीस पानं वाचा. ती वाचून झाली तर कायदा झेपेल. त्या पानांऐवजी तुम्ही हे नियम ज्या वाटाघाटींतून आले त्या १९८६ च्या उरुग्वे फेरीबद्दल शोधत बसलात, तर कलिना किंवा दिल्लीचा अर्ज पुढे न्या.