संकर ओळखायचा तर मायक्रोसॅटेलाइट की एसएनपी?

शिशुधानी (पोटाच्या पिशवीत पिल्लू वाढवणाऱ्या) प्राण्यांच्या दोन उपजातींचा संकर डीएनएवरून शोधायला निघालात की हा प्रश्न येतोच. मायक्रोसॅटेलाइट म्हणजे डीएनएत तीच मोजकी अक्षरं पुन्हा पुन्हा येतात अशी जागा; ती किती वेळा येतात त्यावर तुकड्याची लांबी ठरते. एसएनपी म्हणजे जिथे एकाच अक्षराचा फरक असतो अशी जागा. पर्थला रॉक-वॉलबींच्या (खडकाळ टेकड्यांवरच्या छोट्या कांगारूंच्या) नमुन्यांवर मी दोन्ही पद्धतींनी काम केलंय, त्या अनुभवावरून लिहितोय.

नुसत्या मायटोकॉन्ड्रियल डीएनएवर, म्हणजे पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाच्या स्वतःच्या डीएनएवर, विसंबू नका, एवढं आधी सांगतो. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या बूडीचंच बघा. बिळात राहणारा हा कांगारूचा छोटा भाऊबंद. २०१० साली बॅरो बेटावरचे आणि मूळचे डोर बेटाचे बूडी मुख्य भूमीवर मातुवाला एकत्र सोडले. बॅरोचे चणीने लहान. संवर्धनाच्या सरकारी यादीत त्यांची नोंद वेगळी, अजून नाव न मिळालेली उपजात अशी आहे. दोन्हींचा संकर झाला, पण त्यात बॅरोचे नर आणि डोरच्या माद्या अशाच जोड्या जास्त निघाल्या. मोठ्या चणीचे नर बाजी मारतील ही अपेक्षा होती, झालं उलट. आता मायटोकॉन्ड्रिया येतो आईकडून. फक्त त्यावर भिस्त ठेवली असती, तर ही सगळी पिल्लं अस्सल डोरची ठरली असती आणि बापाचा पत्ताच लागला नसता.

तिथे बाप सापडले ते १८ मायक्रोसॅटेलाइटमुळे. मूळच्या दोन गटांत फरकच एवढा होता (एफएसटी ०.४२; गटांतला जनुकीय फरक सांगणारा हा आकडा, ० म्हणजे फरक नाही, १ म्हणजे पूर्ण वेगळे) की तेवढे पुरले. तुमच्या उपजाती इतक्या लांबच्या असतील, किंवा हातात फक्त विष्ठेचे नमुने असतील, तर मायक्रोसॅटेलाइटला नावं ठेवायचं कारण नाही. तुटक्या डीएनएवरही ते बऱ्यापैकी चालतात. एसएनपीच्या नेहमीच्या सिक्वेन्सिंगला डीएनए चांगल्या प्रतीचा लागतो.

मायक्रोसॅटेलाइटवरून माझं मन उडालं ते शिखरं वाचताना. यंत्राच्या आलेखात तुकड्याच्या लांबीच्या जागी जो उंचवटा येतो, ते शिखर. दोन अक्षरांची पुनरावृत्ती असलेल्या जागी खऱ्या शिखराच्या डावीकडे, दोन बेस (डीएनएची अक्षरं) अलीकडे, एक बुटकं शिखर उमटतं. ती नुसती सावली, की प्राण्याला खरंच १४२ आणि १४४ बेस लांबीच्या अशा दोन प्रती मिळाल्यात? सकाळी मी एक ठरवायचो, संध्याकाळी दुसरंच. त्यात माझे जुने नमुने एका प्रयोगशाळेत वाचलेले, नवे दुसरीकडे. तिकडचा १४२ इकडे १४४ झाला होता. दोन्ही याद्या जोडल्या तेव्हा एकाच टेकडीवरच्या वॉलबी दोन गटांच्या दिसायला लागल्या आणि मधल्या काही चक्क संकरित! प्रत्यक्षात फरक यंत्रांतला होता. तीसेक नमुने दोन्हीकडे पुन्हा चालवून जुळवाजुळव केली, त्यात पावसाळा गेला.

एसएनपीत त्या जागी अमुक अक्षर आहे की तमुक, एवढंच विचारायचं असतं. चुका तिथेही होतात, गाळण्या लावाव्याच लागतात. पण हजारो जागा हाताशी असल्या की पहिल्या पिढीचा संकर आणि दोन पिढ्या मूळ उपजातीत परत मिसळलेला प्राणी यांत फरक करता येतो. माझ्या मोजक्या मायक्रोसॅटेलाइटवर असे प्राणी ‘बहुधा शुद्ध’ या रकान्यात जायचे. संवर्धनासाठी कुठले प्राणी हलवायचे हे त्या रकान्यावरून ठरणार असेल, तर मला ते ‘बहुधा’ झेपत नाही.

तुमची परिस्थिती वेगळी असू शकते. पण कानाचा ताजा तुकडा मिळत असेल तर मी एसएनपीच घेईन, आणि त्यातला अर्धा इथेनॉलमध्ये राखून ठेवीन.