हिवाळ्यात इर्कुत्स्कचा थांबा: पोझी, बैकल आणि धुरावलेला मासा

ट्रान्स-सायबेरियन रेल्वेने मॉस्को ते व्लादिवोस्तोक, 9,288 किलोमीटर. सलग बसलात तर जवळपास आठवडा डब्यातच जातो. हिवाळ्यात वाटेत एकदाच उतरायचं असेल तर 5,185 व्या किलोमीटरवरच्या इर्कुत्स्कलाच उतरा. शहर पाहण्यासारखं आहे, बैकल सरोवर तासा-दीड तासावर आहे आणि जेवण झकास मिळतं. एका रात्रीत सगळं उरकत नाही, दोन हव्यातच.

मॉस्को–इर्कुत्स्क आणि तिथून पुढचं, अशी दोन वेगळी तिकिटं काढा. ऑगस्ट 2018 पासून तिकिटांवर स्थानिक वेळ असते. जुन्या प्रवासवर्णनांतला ‘सगळं मॉस्कोच्या वेळेने’ हा सल्ला पाळलात तर इथे पाच तासांचा घोळ होईल. रशियाबाहेरची व्हिसा आणि मास्टरकार्ड 2022 पासून चालत नाहीत, म्हणून रोख रूबल हवेत. पासपोर्ट बाहेरच्या खिशात ठेवा. गाडीत चढताना प्रोवोद्नित्सा, म्हणजे डब्याची देखभाल करणारी रेल्वे कर्मचारी, तो दारातच तपासते. त्या वेळी तीन थरांखालून तो उपसून काढेपर्यंत बोटं बधिर होतात.

डब्यात 22-24 अंश आणि फलाटावर उणे 25, हीच या थांब्याची खरी गंमत. रशियन प्रवासी टी-शर्ट आणि सपातांवर खाली उतरून सिगारेट ओढतात, त्यांच्या शेजारी प्रोवोद्नित्सा लोखंडी पहारीने डब्याखालचा बर्फ फोडत असते. त्यांची नक्कल करू नका. बूट एक माप मोठे घ्या, कारण दोन जोड मोजे घातल्यावर बोटं आवळली तर रक्त फिरत नाही आणि पाय लवकर गारठतात. आतला मोजा लोकरीचा हवा, सुती मोजा घाम धरून ठेवतो. मोबाइल आतल्या खिशात ठेवा, थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते. कॅमेरा आत आणण्याआधी प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधा आणि तासभर उघडू नका, नाहीतर भिंगावर पाणी धरतं.

स्टेशन अंगारा नदीच्या डाव्या काठावर, शहर उजव्या. पलीकडे ट्राम जाते, टॅक्सीची गरज नाही.

जेवायला पोझ्नाया, म्हणजे पोझी मिळणारी खानावळ, शोधा. पोझी हे बैकलच्या परिसरातल्या बुर्यात लोकांचं वाफवलेलं खाणं. कणकेच्या पारीत चिरलेलं मांस, कांदा आणि चरबी भरतात आणि मोदकासारख्या कळ्या काढतात, फक्त वरचं तोंड उघडं ठेवतात. सारणात पाणी घातलेलं असतं, त्याचा वाफेत रस्सा होतो. काट्याने टोचलात की तो ताटलीत सांडतो आणि उरतो नुसता कोरडा गोळा. म्हणून पोझा हातात धरून कडेला छोटा चावा घ्या, आधी रस्सा ओढून प्या, मग बाकीचा खा. नगावर मिळतात, चार-पाचांत पोट भरतं. दुपारी गर्दीच्या वेळी जा, तेव्हा घाणा ताजा असतो. तळ चिकटून फाटलेला आणि आत रस्सा नाही, म्हणजे पुन्हा गरम केलेला माल. शाकाहारींना इथे काही मिळणं कठीण. त्यांनी जॉर्जियन खानावळ गाठावी, तिथे चीज भरलेली खाचापुरी आणि राजम्याचा लोबियो मिळतो.

बैकलच्या काठावरचं लिस्तव्यांका गाव सुमारे 70 किलोमीटरवर आहे, मिनीबस जाते. जानेवारीत सूर्य नवानंतर उगवतो आणि पाचच्या सुमारास मावळतो, तेव्हा सकाळी लवकर निघा आणि परतीची शेवटची बस कधी आहे ते उतरल्या उतरल्या विचारा. अंगारा सरोवरातून निघते तिथलं पाणी हिवाळाभर गोठत नाही. कडक थंडीत त्यावरून वाफ उठते आणि काठावरच्या झाडांवर हिमाचा थर चढतो. हे दृश्य जानेवारीचं. बर्फावर चालायची हौस असेल तर फेब्रुवारीअखेर ते मार्च बरा. नदीच्या तोंडाजवळचा बर्फ मात्र कधीच भरवशाचा नाही, तिथे पाऊल टाकू नका. याच बैकलच्या बर्फावर 1904 मध्ये, रशिया-जपान युद्धाच्या घाईत, रूळ टाकून घोड्यांकरवी डबे ओढून नेले होते, कारण सरोवराला वळसा घालणारा लोहमार्ग तेव्हा तयार नव्हता.

धक्क्याजवळच्या बाजारात धुरावलेला ओमुल मासा मिळतो. बैकलमध्ये त्याच्या व्यापारी मासेमारीवर ऑक्टोबर 2017 मध्ये बंदी आली, त्यामुळे ठेल्यावरचा प्रत्येक ओमुल याच सरोवरातला समजू नका. गरम धुरावरचा मासा मऊ, रसाळ असतो, तो तिथेच उभ्या उभ्या खावा. गाडीसाठी थंड धुरावरचा घ्या, तो जास्त टिकतो. कागदात गुंडाळून वर दोन पिशव्या बांधा. प्लात्सकार्तच्या, म्हणजे तिसऱ्या वर्गाच्या, बिनखोल्यांच्या डब्यात 54 जण असतात आणि खिडक्या हिवाळ्यात उघडत नाहीत.