आयर्लंड: बेरोजगाराचा भत्ता आणि सेवा करणाऱ्याचा भत्ता

आयर्लंडमध्ये ३१ मार्च २०२५ पासून बेरोजगार भत्ता आधीच्या पगाराशी जोडला गेला. किमान पाच वर्षं विमावर्गणी भरलेल्याला पहिले तीन महिने पगाराच्या ६० टक्के, आठवड्याला कमाल ४५० युरो मिळतात. पुढे टक्केवारी उतरत जाते. जोडीदार किती कमावतो, हे कुणी विचारत नाही. चांगलंच आहे.

पण अंथरुणाला खिळलेल्या आईची पूर्णवेळ सेवा करणाऱ्या मुलीचं काय? तिला २०२५ मध्ये आठवड्याला जास्तीत जास्त २६० युरो, तेही नवऱ्याची कमाई तपासून. बाहेर काम आठवड्याला १८.५ तासांपर्यंतच. जुलै २०२५ मध्ये हिशोबात न धरल्या जाणाऱ्या उत्पन्नाची मर्यादा वाढली, तरी तपासणी राहिलीच. ही उत्पन्न तपासण्याची अट काढण्याचं आश्वासन सरकारने आधी पाळावं.